काळ्या स्क्रीनवरचा दिवस

सकाळी ७:४५

लॅबचं कुलूप मी स्वतः उघडते. शिपाईमामा दहाला येतात आणि मला त्याआधीचे दोन तास हवे असतात. आधी मेन स्विच, मग यूपीएस, मग ओळीनं चोवीस मशीन. तालुक्याच्या गावातलं कॉलेज आहे, विजेचा भरवसा नाही. यूपीएसचे दिवे हिरवे झाल्याशिवाय मी एकाही पीसीला हात लावत नाही.

आज साडेदहाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची बॅच आहे, विषय युनिक्सच्या आज्ञा. साडेतीनला मराठी विभागाच्या मुली येणार आहेत.

ऑफिसची कामं, ऑनलाइन परीक्षा, प्रिंटर सगळं विंडोजवर बसलेलं आहे, त्यामुळे मशीनवरून विंडोज काढता येत नाही. अभ्यासक्रमात मात्र ग्रेप आहे, सेड आहे, ऑक आहे, मेक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी घडलेली ही हत्यारं. ती विंडोजवर नीट चालवून मुलांच्या हातात द्यायची, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन प्रश्न कायम लिहिलेले असतात. ते पुसायचे नाहीत, हे मामांनाही ठाऊक आहे. उत्तर कोण देतंय? ते कुठे बसलंय? फाईलमध्ये खरोखर काय आहे?

सकाळी ८:१५

सोळा मशीनमध्ये ८ जीबी रॅम आहे. त्यांच्यावर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारं लिनक्स. ते २०१६ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा लिनक्सच्या हाका विंडोजच्या भाषेत बदलून देणारा तो एक थर होता. २०२० पासून मिळणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खरा कर्नलच एका छोट्या आभासी मशीनमध्ये चालतो. अ‍ॅडमिन म्हणून एक आज्ञा दिली की उबुंटू उतरतं, रीस्टार्ट मागतं आणि झालं.

अकरा नंबरवर काल झालं नाही. मोठा थोरला एरर आला आणि शेवटी शून्य-एक्सनं सुरू होणारा लांबलचक आकडा. काल मदतीला थांबलेला मुलगा लगेच म्हणाला, “मॅडम, विंडोजच परत टाकू या.” बिघाड झाला की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं. मी म्हटलं, उद्या सकाळी आधी बघू.

आज टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखाखाली एक ओळ असते, व्हर्च्युअलायझेशन. बाकीच्या मशीनवर तिथे ‘एनेबल्ड’ आहे, इथे ‘डिसेबल्ड’. आभासी मशीन चालवण्याची ताकद प्रोसेसरमध्ये आहे, पण बायोसमधला तिचा खटका बंद आहे. रीस्टार्ट केलं, बायोसमध्ये गेले, खटका चालू केला, सेव्ह केलं. चार मिनिटांत उबुंटू नाव आणि पासवर्ड विचारू लागलं. विंडोज परत टाकलं असतं तर अर्धा दिवस गेला असता आणि तोच एरर पुन्हा समोर आला असता.

सकाळी ९:००

उरलेली आठ मशीन जुनी आहेत, ४ जीबीची. तिथे आभासी मशीन धापा टाकतं. त्यांच्यावर सिग्विन.

सिग्विन १९९५ पासून चालत आलेलं आहे. त्याची रीत निराळी. इथे लिनक्स नसतंच. ग्रेप, बॅश, मेक हे प्रोग्राम विंडोजसाठी नव्यानं कंपाइल केलेले असतात आणि युनिक्सची प्रत्येक हाक एक डीएलएल फाईल विंडोजच्या हाकेत बदलून देते. इन्स्टॉल करणारा प्रोग्राम एकच. पुढे काही वाढवायचं असलं तरी तोच पुन्हा चालवायचा. नवी मुलं इथे फसतात. मूळ संचात ग्रेप, सेड, ऑक येतात, पण सी कंपायलर आणि मेक यादीतून आपण निवडावे लागतात. नाही निवडले तर ‘कमांड नॉट फाउंड’.

आमचं इंटरनेट सावकाश चालतं. म्हणून सगळी पॅकेजेस मी एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली आहेत. सेटअपमध्ये ‘स्थानिक फोल्डरमधून’ हा पर्याय निवडला की इंटरनेटची गरज उरत नाही. जागा मात्र सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करून देते, प्रोग्राम फाइल्समध्ये नाही. त्या नावात मध्ये मोकळी जागा आहे आणि युनिक्सच्या शेलला मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू. अवतरणचिन्हं विसरलेली एखादी स्क्रिप्ट तिथेच अडखळते.

एकोणीस नंबरवर मेक मधूनच थांबत होतं. तक्रार फोर्कची. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया जन्मते ती जुनीची हुबेहूब नक्कल होऊन. विंडोजच्या रोजच्या सोयींमध्ये तसं काही नाही, म्हणून सिग्विन नवी प्रक्रिया उघडून जुनीची स्मृती तिच्यात उतरवतं आणि प्रत्येक डीएलएल दोन्हीकडे त्याच पत्त्यावर असावी लागते. अँटीव्हायरस स्वतःची डीएलएल मध्ये घुसवतो तेव्हा हे पत्ते हलतात. बाकी सात मशीन ठीक होती, म्हणून या एकावर काय वेगळं आहे ते शोधलं. अँटीव्हायरस वेगळा निघाला. परवानगी घेऊन सिग्विनचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळलं आणि मेक शेवटपर्यंत गेलं.

सकाळी १०:३०

बॅच आली. चोवीस मशीन, एकतीस मुलं.

पहिली हाक सतरा नंबरवरून. “मॅडम, फाइंड चालत नाहीये. पुस्तकात बघून लिहिलं, तरी ‘पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट’ म्हणतंय.”

त्यानं विंडोजची कमांड प्रॉम्प्ट उघडली होती. आज्ञा अक्षर न् अक्षर बरोबर. मी फळ्याकडे बोट दाखवलं. पहिला प्रश्न काय?

“उत्तर कोण देतंय?”

“मग विचार.”

त्यानं ‘व्हेअर फाइंड’ लिहिलं. दोन ओळी आल्या. पहिली विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या फाइंडची, दुसरी सिग्विनच्या फाइंडची. नाव एक, माणसं दोन. युनिक्सचा फाइंड फोल्डरांमधून फायली शोधतो. विंडोजचा फाइंड फायलीच्या आत मजकूर शोधतो. पाथमधल्या फोल्डरांची यादी विंडोज वरून खाली वाचतं आणि जो पहिला भेटेल त्याला काम सांगतं. सिग्विन यादीच्या तळाशी होतं. सॉर्टचंही असंच, दोन्हीकडे आहे आणि दोन्हींचे पर्याय वेगळे.

सिग्विन पाथमध्ये वर चढवता आलं असतं. मी तसं करत नाही, कारण मग विंडोजचा फाइंड गृहीत धरणाऱ्या जुन्या बॅच फायली मोडतात. त्याला सिग्विनचं टर्मिनल उघडायला सांगितलं. तिथे सुरुवातीलाच युनिक्सचे फोल्डर यादीत पुढे लावले जातात. तीच आज्ञा, आता उत्तर बरोबर. त्यानं जर्नलमध्ये दोन्ही पत्ते लिहून घेतले. न सांगता.

सकाळी ११:४५

आता सात नंबर. मुलीनं बॅशची पाच ओळींची स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहिली आणि उबुंटूमध्ये चालवली. ‘बॅड इंटरप्रिटर, नो सच फाईल’. तिनं बॅश आहे की नाही तपासलं. आहे. ती बॅशमध्येच बसली होती.

“फाईल उघडून बघितलीस?”

“दहा वेळा, मॅडम. काहीच चूक नाही.”

“नोटपॅडमध्ये बघितलीस. आता कॅटला एक मोठा ए जोडून बघ.”

तिनं पाहिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह आणि त्याच्या आधी टोपीखालचा एम. ती दचकली. “हे मी लिहिलंच नाही!”

मी सगळ्या बॅचला आसपास बोलावलं. अकरावीत असताना मी मराठी तीसची परीक्षा दिली, ती टाइपरायटरवर. ओळ संपली की डावीकडची दांडी ढकलायची. एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडा पुन्हा उजवीकडे जाऊन ओळीच्या सुरुवातीशी लागायचा. टेलिटाइप यंत्रांत ही दोन कामं दोन वेगळ्या संकेतांनी सांगावी लागत. डॉस आणि त्यामागून विंडोजनं दोन्ही संकेत ठेवले. युनिक्सनं ओळ संपण्याची खूण एकच ठेवली. दोघांचंही आपापल्या घरी बरोबर. पण नोटपॅडनं लिहिलेली फाईल उबुंटूनं वाचली, तेव्हा पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला तो जादाचा संकेत चिकटला. उबुंटू ‘बॅश’ शोधत नव्हतं, ‘बॅश आणि गाडा मागे’ अशा नावाचा प्रोग्राम शोधत होतं. तसा प्रोग्राम नाही. म्हणजे एरर अगदी खरा होता.

सेडच्या एका ओळीनं ते संकेत काढले. स्क्रिप्ट चालली. मुलीनं पुन्हा कॅट करून पाहिलं, आता नुसते डॉलर. मला तिचं ते पुन्हा पाहणं फार आवडलं. दुरुस्ती झाल्यावर खात्री करणं मी शिकवलं नव्हतं.

दुपारी १:१५

डबा. भाकरी, मेथीची भाजी. मामांनी चहा आणला.

दुपारी २:००

या वेळात मी नोंदवही लिहिते. मशीनचा नंबर, एरर जसाच्या तसा, काय पाहिलं, काय बदललं. ‘काय पाहिलं’ हा रकाना मी नंतर वाढवला आणि आता तोच सगळ्यात उपयोगी ठरतो.

तेवढ्यात तेरा नंबरवरचा एक मुलगा परत आला. पॉवरशेलमध्ये फोल्डरची यादी ‘पेक्षा मोठं’ या चिन्हानं फाईलमध्ये टाकली, फाईल उघडल्यावर दिसते, पण उबुंटूच्या ग्रेपला त्यातलं एकही नाव सापडत नाही. आता त्यानंच तिसरा प्रश्न म्हटला. ‘फाईल’ नावाची आज्ञा दिली. उत्तर आलं, यूटीएफ-१६. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल त्या चिन्हानं लिहिताना प्रत्येक इंग्रजी अक्षराला दोन बाइट देतं. ग्रेप यूटीएफ-८ धरून चालतो, तिथे इंग्रजी अक्षराला एकच बाइट. त्यामुळे दर दोन अक्षरांच्या मध्ये एक शून्य बाइट येऊन बसतो आणि शब्द जुळत नाही. आयकॉन्व्हनं रूपांतर केलं, नावं सापडली.

दुपारी ३:३०

मराठी विभागाच्या चार मुली आल्या. त्यांच्या सरांचा प्रकल्प आहे. मुलींनी आपापल्या गावातल्या वडीलधाऱ्यांकडून शेतीच्या आठवणी ऐकल्या आणि टाइप केल्या. कोणी मोबाइलवर, कोणी घरच्या लॅपटॉपवर, कोणी जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून. कोणता शब्द किती वेळा येतो ते आता मोजायचं आहे. गेल्या आठवड्यात मी त्यांना ग्रेप शिकवला होता.

एकीनं वही पुढे केली. “मॅडम, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मी वाचून मोजला होता. कॉम्प्युटरनं १७ सांगितला, म्हणून मग माझा आकडा खोडला.” खोडलेल्या जागी ३१ दिसत होतं.

मी तिला आठ नंबरवर बसवलं. तिनं मोजलेल्या पण ग्रेपला न सापडलेल्या ओळींपैकी एक घेतली. स्क्रीनवर अगदी तोच शब्द. मग ओडीनं त्याचे बाइट छापले. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, तेव्हा तीन-तीनचे गट पाडून वाचायचे. आम्ही कागदावर पाडले.

या शब्दातला वाकड्या टोपीचा र आपल्या मराठीचा खास. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, यांतला फरक त्याच्यावरच उभा आहे. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी ०९३१ हे वेगळं अक्षर आहे. पण साधा र आणि त्याखाली नुक्ता असं लिहिलं तरी स्क्रीनवर तोच दिसतो. आणि साधा र, हलन्त, मागे न दिसणारा जोडक, असं लिहिलं तरीही तोच. तीन वाटा, एकच चित्र. ग्रेप चित्र पाहत नाही, बाइट पाहतो.

मुलींनी तिन्ही रूपं वेगवेगळी शोधली. १७, ९ आणि ५. बेरीज त्यांनीच केली.

युनिकोडचं प्रमाणीकरण पहिली दोन रूपं एक करतं, तिसऱ्याला ते हात लावत नाही. म्हणून आम्ही सेडची दोन वाक्यं लिहिली. न दिसणारं अक्षर नजरेनं तपासता येत नाही, तेव्हा त्याचे बाइट आकड्यांत दिले. मूळ फायली तशाच ठेवल्या आणि नक्कल बदलली. पुन्हा ग्रेप. ३१.

संध्याकाळी ५:१५

मुली गेल्यावर एकेक मशीन बंद करत आले. आठ नंबरवर वही राहिलेली होती. उद्या देईन म्हणून उचलली, तर तेच पान उघडं होतं. १७ वर आडवी रेघ मारलेली, शेजारी पुन्हा ३१ लिहिलेला आणि त्याखाली निळ्या शाईत तीन ओळींत तीन-तीन बाइटांचे गट, प्रत्येकापुढे तो शब्द ज्या गावच्या आजीनं सांगितला त्या गावाचं नाव.

यूपीएस बंद केला आणि कुलूप लावलं.