पट्टा आणि पैलवान (लेखांक ४) : फिलाडेल्फियातला दगा

मागच्या आठवड्यात आपण १९११ च्या शिकागोत थांबलो होतो. कोमिस्की पार्कवर सुमारे तीस हजार लोकांसमोर फ्रँक गॉचने जॉर्ज हॅकेनश्मिटला दुसऱ्यांदा चीत केलं आणि हेवीवेट जगज्जेतेपद आयोवात पक्कं झालं. पुढे दोन वर्षांत गॉचने कुस्ती सोडली आणि १९१७ च्या डिसेंबरात, जेमतेम चाळिशीत, तो वारला. गादी रिकामी झाली की दावेदार उगवतातच. नेब्रास्कातला जो स्टेचर हा त्यातला खरा वारस म्हणायचा. दोन्ही पायांची कैची घालून तो समोरच्याचा श्वास कोंडायचा.

पण खऱ्या कुस्तीची एक अडचण असते. तोडीस तोड दोन पैलवान भिडले, तर बघणाऱ्याचे हाल होतात. ४ जुलै १९१६ ला ओमाहात स्टेचर आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस यांची जोड लागली. भर उन्हाळा, तिकीट काढून आलेले हजारो लोक, आणि समोर सुमारे पाच तास नुसती खडाखडी. लुईस हाताला लागेना, स्टेचरची कैची बसेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. आपल्याकडेही निकाली कुस्ती लांबली की फडातून आरडाओरडा सुरू होतो. पण पाच तास म्हणजे फारच झालं. असा खेळ गावोगाव घेऊन फिरायचा तर लोक दुसऱ्या वेळी तिकीट का काढतील?

यावर तोडगा काढला तो लुईसनेच, आणखी दोघांना बरोबर घेऊन. बिली सँडो त्याचा मॅनेजर, आणि जोसेफ 'टूट्स' माँट हा डोकेबाज पैलवान. पुढे या तिघांना 'गोल्ड डस्ट ट्रायो' म्हणू लागले. माँटने कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटण्याचे डाव वाढवले आणि एका रात्रीत चार-पाच कुस्त्यांचा कार्यक्रम ठेवला. पैलवान पगारावर. कोण कोणाला कधी पाडणार हे आधी ठरलेलं. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो ती पूर्वीही होतीच, फडात एखाददुसरी व्हायची. या तिघांनी तिचा रीतसर कारखाना काढला.

या कारखान्यात जगज्जेतेपदाचा पट्टा म्हणजे भांडवल. तो ज्याच्या कमरेला, त्याच्या गावात गर्दी. मग तो कोणाला द्यायचा हे ठरवताना तालमीतलं कसब बघायचं कारण उरलं नाही, गल्ला बघायचा. १९२४ च्या सुमारास लुईसने जवळपास सगळ्यांना हरवून झालं होतं, लोकांना त्याच्या जिंकण्यात चव राहिली नव्हती. तेव्हा तिघांची नजर वेन म्यूनवर गेली. नेब्रास्का विद्यापीठाचा हा फुटबॉलपटू साडेसहा फुटांच्या घरातला, देखणा, ताकदीचा. कुस्ती मात्र त्याला यथातथाच यायची. ८ जानेवारी १९२५ ला कॅन्सस सिटीत त्याने लुईसला उचलून थेट दोरांबाहेर फेकलं. लुईस कण्हत पडला, लोक हवालदिल झाले, आणि शेवटी पट्टा म्यूनकडे गेला. बेत असा की म्यूनला काही महिने मिरवायचं, मग लुईसने 'सूड' घ्यायचा आणि एखादं मोठं मैदान खच्चून भरायचं.

हिशेब चोख होता. फक्त एक गोष्ट सुटली. मालकांनी अमुक एक चँपियन ठरवला, पण समोरच्या पैलवानाने ते ऐकलंच नाही तर?

समोरचा पैलवान होता स्टॅनिस्लॉस झ्बिश्को. हे नाव आपल्या वाचकांना नवं नसावं. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामाशी दोन तासांहून अधिक वेळ मातीला पोट लावून पडून राहिलेला पोलिश पैलवान तो हाच. आठवड्याने पुन्हा जोड ठरली तेव्हा तो आलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. त्या एका दुपारमुळे आपल्याकडे झ्बिश्को म्हणजे गामासमोर दबलेला गडी, एवढंच लक्षात राहिलं. ते त्याच्यावर अन्यायाचं आहे. युरोपात त्याच्यासारखे घोटीव पैलवान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि १९२१ मध्ये त्याने लुईसकडून हा पट्टा घेऊन दहा महिने बाळगलाही होता. १९२५ मध्ये पंचेचाळिशीच्या घरातला हा माणूस पगारी नोकर म्हणून म्यूनपुढे हरायला उभा केला होता.

१५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया. पहिल्या पकडीतच म्यूनला कळलं असणार की हे काही ठरल्याप्रमाणे चाललेलं नाही. झ्बिश्कोने त्याला खाली घेतलं, खांदे टेकवले, सोडलं आणि पुन्हा टेकवले. साडेसहा फुटांचा देह उपयोगाला येईना, कारण अंगावर आलेल्या जाणत्या पैलवानाचं वजन कसं झटकायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. खांदे इतके स्वच्छ लागत होते की पंचाला काणाडोळा करणं शक्य नव्हतं. सलग दोन फेऱ्या, आणि पट्टा झ्बिश्कोचा. झ्बिश्को आतून स्टेचरच्या आणि न्यूयॉर्कचा प्रमोटर जॅक कर्ली याच्या गोटाला मिळाला होता. दीड महिन्यात, ३० मे ला, सेंट लुईसमध्ये तो स्टेचरकडून निमूटपणे हरला आणि मोकळा झाला.

मला या प्रकरणात गंमत वाटते ती अशी : त्या वर्षीच्या सगळ्या जगज्जेतेपदाच्या कुस्त्यांत खरी कुस्ती झाली ती एकच, आणि ती म्हणजे दगा. कॅन्सस सिटीत ठरलेलं होतं, सेंट लुईसमध्ये ठरलेलं होतं. फिलाडेल्फियात ठरलेलं मोडलं म्हणून तिथे कसब दिसलं. पैसे भरून आलेल्या प्रेक्षकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी एका म्हाताऱ्या पैलवानाने एका तरण्याला लोळवलं, इतकंच.

लुईसच्या गोटाने हार मानली नाही. ज्या दिवशी स्टेचर जिंकला त्याच दिवशी, इंडियानातल्या मिशिगन सिटीत, लुईसने म्यूनला हरवलं आणि जाहीर केलं की फिलाडेल्फियाचा निकाल आपल्याला मान्य नाही, खरा पट्टा इथे आहे. म्हणजे एकाच दिवशी दोन जगज्जेते. हा गुंता सुटायला फेब्रुवारी १९२८ उजाडलं. सेंट लुईसमध्ये लुईसने स्टेचरला हरवलं आणि पट्टा पुन्हा एक झाला. तोही फार काळ नाही. १९२९ च्या जानेवारीत लुईसने तो बोस्टनला गस सोननबर्गला दिला. हा गडी कोण, तर पुन्हा फुटबॉलपटूच. गल्ल्यापुढे अनुभव शहाणपण शिकवत नाही.

झ्बिश्कोचंही सांगून टाकतो. १९२८ च्या जानेवारीत तो पतियाळाला आला, महाराजांनी भरवलेल्या कुस्तीत गामासमोर उभा राहिला आणि मिनिटाच्या आत अस्मान बघून परत गेला.

फिलाडेल्फियानंतर दगाबाजीची साथच आली. १९३१ च्या मे महिन्यात माँट्रियलला लुईस आणि फ्रान्सचा आँरी देग्लान यांची कुस्ती होती. तिसऱ्या फेरीत देग्लान किंचाळत उठला आणि त्याने पंचाला दंडावरच्या दातांच्या खुणा दाखवल्या : लुईसने चावा घेतला! लुईस बाद, पट्टा देग्लानचा. फेरी सुरू होण्याआधी देग्लानने स्वतःच स्वतःला चावून घेतलं होतं, असं कुस्तीच्या वर्तुळात आजही हसत हसत सांगतात. १९३६ मध्ये न्यूयॉर्कला डिक शिकाट याने आयरिश चँपियन डॅनो ओ'माहोनी याला ठरलेलं सोडून खरोखरच पाडलं. ते भांडण ओहायोत कोलंबसच्या कोर्टात गेलं, साक्षी झाल्या, आणि तोवर झाकून ठेवलेला धंद्याचा आतला व्यवहार वर्तमानपत्रांत छापून आला. त्या दशकात एका वेळी अमेरिकेत किती 'जगज्जेते' फिरत होते याचा हिशेब ठेवणाऱ्यांना माझा दंडवत.

यातून धंदा सावरला तो १९४८ मध्ये. आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर जमले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, स्थापन केली. आपापला मुलूख वाटून घ्यायचा, दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, आणि सगळ्यांनी मिळून एकच चँपियन मानायचा. पहिला चँपियन ऑर्व्हिल ब्राउन. सेंट लुईसच्या लू थेसकडे आद्याक्षरं तीच असलेल्या दुसऱ्या संघटनेचा पट्टा होता. नोव्हेंबर १९४९ मध्ये दोघांची लढत व्हायची होती. तिच्या काही आठवडे आधी ब्राउनला मोटार अपघात झाला, त्याची कुस्ती संपली आणि पट्टा थेसला देण्यात आला.

थेसची निवड ही फिलाडेल्फियाची भरपाई होती, असं मी मानतो. त्याच्यात भपका नव्हता. टेलिव्हिजन नुकतं आलं होतं आणि त्यावर केस सोनेरी करून अत्तर फवारत येणारा गॉर्जस जॉर्ज राज्य करत होता. थेस काळ्या चड्डीत येई आणि काम करून जाई. पण हंगेरियन मोच्याचा हा मुलगा जॉर्ज ट्रागोससारख्या हाडं मोडणाऱ्या वस्तादाकडे घडला होता. सांधे कुठे आणि किती वळवले की माणूस ओरडतो हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला ठाऊक आहे हे इतरांना ठाऊक होतं. वीसेक प्रमोटरांनी आपली पुंजी ज्याच्या कमरेला बांधायची, त्याच्याकडून ती कोणी हिसकावून घेता कामा नये. सोबत दुसरा बंदोबस्तही झाला. चँपियनने स्वतः मोठी रक्कम अनामत ठेवायची, पुढे ती २५ हजार डॉलर झाली. पट्टा सांगितलेल्या माणसाला, सांगितलेल्या दिवशी दिला नाही तर पैसे बुडाले.

याच थेसला २९ मे १९६८ ला मुंबईत दारा सिंगने हरवलं आणि आपल्याकडे जगज्जेतेपद आल्याचा जल्लोष झाला. एनडब्ल्यूएचा पट्टा मात्र दोन वर्षांपूर्वीच थेसकडून जीन किनिस्कीकडे गेला होता. दारा सिंगच्या थोरवीला त्याने बाध येत नाही. पट्टे किती आणि कोणते, हा घोळ मात्र नीट दिसतो.

अनामत आणि दहशत या दोन्हींची परीक्षा झाली ती १९६३ मध्ये. चँपियन होता बडी रॉजर्स. दोन वर्षांपूर्वी त्याच कोमिस्की पार्कवर ३८ हजारांवर लोकांसमोर त्याने पॅट ओ'कॉनरला हरवलं होतं. पण त्याच्या तारखा ईशान्येकडच्या प्रमोटरांच्या मुठीत, आणि बाकीचे प्रमोटर ताटकळत. अखेर २४ जानेवारीला टोरंटोत थेसला पुन्हा त्याच्यासमोर उभं केलं. अनामत जप्त करू अशी तंबी रॉजर्सला आधीच मिळाली होती, आणि समोर थेस, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. रॉजर्स हरला.

ईशान्येकडच्यांनी मग एक कायदेशीर दिसणारी सबब काढली : जगज्जेतेपद तीन फेऱ्यांतून दोन जिंकल्यावर मिळतं, टोरंटोत तर एकच फेरी झाली. त्यांनी एनडब्ल्यूएला रामराम ठोकला आणि स्वतःचा पट्टा काढला. तोच आजचा डब्ल्यूडब्ल्यूईचा पट्टा. या फुटीचे दोन सूत्रधार होते. एक व्हिन्स मॅकमॅहन, म्हणजे टीव्हीवर आपण पाहिलेल्या मॅकमॅहनचे वडील. दुसरा टूट्स माँट, जो १९२५ मध्ये म्यूनवर डाव लावून पस्तावला होता. नव्या पट्ट्याला पहिला मानकरी हवा होता, तेव्हा रिओ द जानेरोत एक स्पर्धा झाली आणि ती रॉजर्सने जिंकली असं सांगण्यात आलं. अशी स्पर्धा झालीच नव्हती. १९७९ मध्ये याच कंपनीला इंटरकॉन्टिनेन्टल नावाचा दुसरा पट्टा हवा झाला, तेव्हा पॅट पॅटरसनही तो रिओतच जिंकून आला. त्या पट्ट्याकडे वळायच्या आधी पुढच्या आठवड्यात १७ मे १९६३ ची रात्र पाहू : रॉजर्सला ४८ सेकंदांत संपवणारा ब्रुनो सॅमार्टिनो, आणि ते ४८ सेकंद ठरलेले होते की नव्हते यावरून दोघांत आयुष्यभर चाललेला वाद.