पार्वो: पिल्लू बरं होतंय, विषाणू मात्र घरातच आहे

'पार्वो' या नावामागे लॅटिनमधला 'पार्व्हस' हा शब्द आहे. अर्थ साधा, लहान. विषाणू सगळेच लहान असतात, पण हा त्यांच्यातही बुटका. आकार सुमारे 25 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चाळीस हजार ओळीने बसतील. आपल्याकडे चाळीत किंवा पाड्यावर कुणी त्याला पार्वो म्हणत नाही. "पिल्लाला रक्ताची हगवण लागली" म्हणतात, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू गेलं की विषय संपतो.

वाङ्मय मंडळाच्या अंकात कुत्र्याच्या हगवणीवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. या पावसाळ्यात आमच्या चाळीतलं एक पिल्लू पार्वोतून वाचलं. सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सगळं झालं. पाचव्या दिवशी त्याने भाताची पेज चाटली तेव्हा आम्ही खूश. पण डॉक्टर म्हणाले, "आता खरं काम तुमचं. हे पिल्लू सुटलं, बाकीच्यांचं बघा." जिन्याखाली भटक्या कुत्रीची चार पिल्लं होती आणि शेजारच्या काकूंकडे नऊ आठवड्यांचं एक. ती पाच वाचवायची कशी, हे मी त्या दिवसांत डॉक्टरांकडून आणि वाचून शिकलो. तेच इथे सांगतो.

आधी हे बघा की बरं होणारं पिल्लू धोकादायक का. हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज ही त्याची दोन आवडती ठिकाणं. म्हणून रक्ताचे जुलाब होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कोसळतात. विषाणू बाहेर पडतो तो मुख्यतः विष्ठेतून, आणि एका ग्रॅममध्ये तो कोट्यवधींच्या संख्येने असू शकतो. मुख्य गोष्ट ही की तो लक्षणं दिसायच्या आधीच बाहेर पडू लागतो आणि जुलाब थांबल्यावरही साधारण दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, पडत राहतो. शेपूट हलवणारं, खेळायला मागणारं पिल्लू पाहून कुणाला वाटणार? आमच्या घरमालकांचं म्हणणं होतं, "दमणगंगेच्या काठावर सोडून या, चाळ मोकळी होईल." त्यांचा राग मला समजतो, पण त्याने चाळ मोकळी झाली नसती. जे अंगणात सांडायचं ते सांडून झालं होतं, आणि नदीकाठची कुत्री फुकट मेली असती.

कोविडने आपल्याला विलगीकरण हा शब्द शिकवला, ते बरंच झालं. पण त्याच कोविडच्या सवयी इथे फसवतात. पहिल्या दिवशी सगळे एकच सांगत होते, "अरे, सॅनिटायझर मार ना!" कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं. साबण आणि अल्कोहोल ते वेष्टण फोडतात, की विषाणू संपला. पार्वोला असं वेष्टणच नाही. बाहेर प्रथिनांचं घट्ट कवच, आत डीएनएचा छोटा धागा. अल्कोहोल त्याचं काही बिघडवत नाही. फिनाईलही नाही. घराघरांत असतं ते अँटिसेप्टिक द्रवही नाही. कापूर आणि कडुलिंबाचा धूर यांवर तर भरवसा ठेवूच नये. वास जातो, विषाणू बसून राहतो. घरात तो एक-दोन महिने टिकतो, बाहेर सावलीत आणि ओलाव्यात कित्येक महिने, कधी वर्षभरही. आता आपला पाऊस आठवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिल्वासात भिंतीसुद्धा वाळत नाहीत.

त्याला मारणारी स्वस्त गोष्ट एकच, ती म्हणजे ब्लीच. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे. ते नसेल तर विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर. चांगली, न भिजलेली पावडर असेल तर लिटरला सहा ग्रॅम पुरते. ढवळायची, खाली बसू द्यायची आणि वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं. हे पाणी रोज नवं करायचं, कारण ठेवलं की जोर कमी होतो.

पण ब्लीच ओतलं म्हणजे झालं असं नाही, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. क्लोरीनला घाण आणि विषाणू यांतला फरक कळत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्यावर ते खर्च होतं. विष्ठेवर किंवा उलटीवर सरळ ब्लीच ओतलं तर सगळी ताकद वरच्या थरात संपते आणि खालचा विषाणू सुखरूप राहतो. म्हणून आधी घाण कागदाने उचलायची. मग साबणाच्या पाण्याने फरशी घासून धुवायची. साबण विषाणूला मारत नाही, पण त्याला उघडा पाडतो. त्यानंतर ब्लीचचं पाणी, आणि ते दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. लगेच पुसलं तर मेहनत वाया. पिल्लाची लघवीही आधी धुवून काढा, कारण तिच्यातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की डोळे झोंबवणारा विषारी वायू होतो. संडास धुवायच्या ॲसिडशी तर चुकूनही मिसळू नका. दारं-खिडक्या उघडी ठेवा, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू दुसऱ्या कोपऱ्यात.

ब्लीच चालतं ते लादी, प्लास्टिक, स्टील यांवर. मातीवर चालत नाही, कारण मातीतही सेंद्रिय पदार्थ असतात. खानवेलकडच्या पाड्यांवर शेणाने सारवलेल्या जमिनी असतात, तिथे तर टीसीएलचा काहीच उपयोग नाही. अशा ठिकाणी वरचा थर खरवडून काढणं, पाणी साठू न देणं आणि मिळेल तेवढं ऊन लागू देणं एवढंच हातात उरतं. आणि वर्षभर तिथे लस न झालेलं नवं पिल्लू आणायचं नाही. आधीचं गेलं म्हणून पोरं रडतात आणि आठवड्यात कुणीतरी दुसरं आणून देतं. त्या दुसऱ्याचं काय होतं ते बऱ्याच घरांनी पाहिलं आहे.

आता चपला. पार्वो माणसाला होत नाही. लहान मुलांच्या गालांवर लाली आणणारा पार्वो बी-19 हा वेगळा विषाणू आहे, नावाने घाबरू नका. पण माणूस त्याचं उत्तम वाहन आहे. 1978 च्या आधी कुत्र्यांचा हा रोग कुणाला माहीत नव्हता. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी जवळचं नातं असलेला हा विषाणू त्या साली एकदम दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो भारतातही नोंदला गेला. एवढी कुत्री काही विमानाने फिरत नव्हती. चपला-बूट, पिंजरे, कपडे, गाड्यांची चाकं यांवरूनही तो गेला. 2022 च्या सुरुवातीला अमरावतीत पार्वोची साथ आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

चाळीत तर सगळ्यांच्या चपला एकाच व्हरांड्यात, नळ एक, जिना एक. आम्ही असं ठरवलं की पिल्लाच्या खोलीत जाणारा माणूस एकच. तिथली रबरी चपलांची जोडी आतच राहणार आणि जुना शर्टही तिथेच खुंटीला. दारात ब्लीचचं पसरट घमेलं ठेवून पाय बुडवायची कल्पना चांगली दिसते, पण पावसात दोन माणसं चिखल घेऊन आली की ते नुसतं गढूळ पाणी. वेगळी चपलाच बरी. जिन्याखालच्या पिल्लांना खायला आधी द्यायचं, आजाऱ्याकडे शेवटी जायचं. हा क्रम उलटा करायचा नाही. हात साबणाने चोळून धुवायचे. विषाणू मरत नसला तरी वाहून जातो.

घाणीची पिशवी दुहेरी गाठ मारून थेट कचऱ्याच्या गाडीवाल्या दादाच्या हातात. कोपऱ्यावरच्या ढिगात टाकली तर कुत्री रात्रीच फाडणार. पिल्लाखालचं गोणपाट धुवायच्या भानगडीत पडलो नाही, तेही पिशवीत भरून दिलं. वाटी स्टीलची होती, तिला रोज ब्लीच. माशा बसू नयेत म्हणून घाण झाकून ठेवायची, कारण माश्यांच्या पायांवरूनही तो जातो. मांजरंही दूर ठेवायची, या विषाणूचे आताचे काही प्रकार त्यांनाही होतात.

काकूंचं म्हणणं, "आमच्याला एक सुई झालीय, त्याला काय होतंय?" हा गैरसमज फार पसरलेला आहे. पिल्लाला आईच्या दुधातून तयार प्रतिकारशक्ती मिळते, ती काही आठवड्यांत ओसरते. ती असेपर्यंत लसीलाही ती निकामी करते. मधे असे काही दिवस येतात की आईची शक्ती विषाणूला अडवायला अपुरी, पण लसीला अडवायला पुरेशी. प्रत्येक पिल्लाचे हे दिवस वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली सुई, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत अंगणात, रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही. काकू दोन दिवस रुसल्या, मग स्वतःच रिक्षाने घेऊन गेल्या.

जुलाब थांबल्यापासून तीन आठवडे आम्ही पिल्लू खोलीतच ठेवलं. केसांनाही विषाणू चिकटून असतो, म्हणून शेवटी उन्हाचा एक दिवस मिळाल्यावर कोमट पाण्याने अंघोळ घातली. आजारात अंघोळ घालायची नाही, थंडीने पिल्लू खचतं. जिन्याखालच्या चारांपैकी एक दुसऱ्याच आठवड्यात गेलं. त्याला आमच्या पिल्लापासून लागण झाली की आधीच अंगणातून, ते सांगता येत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. उरलेल्या तिघांना डॉक्टरांनी येऊन सुया दिल्या. पुढची तारीख व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे, आणि जिन्याखालची माती आम्ही वीतभर खणून काढली आहे.