शाळेंतील छडी आणि पालकाची संमति

वाळूज औद्योगिक वसाहतींतील बजाजनगर ही वस्ती अगदीं अलीकडची. तेथें पंतोजींची गादी शोधीत जाणें व्यर्थ होय. तथापि 'मारा, पण शिकवा' हें पालकांचें जुनें बोलणें नव्या वस्त्यांतूनहि ऐकूं येतें. त्यास कायद्याचा आधार किती, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

पंतोजीच्या शाळेंतील छडी, अंगठे धरणें, घोडीवर टांगणें हीं शासनें पालक जाणून असत व बहुधा मान्यहि करीत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत छडीचें नांव नाहीं. परंतु कलम ८९ अन्वयें बारा वर्षांखालील मुलाच्या हितार्थ, पालकाच्या स्पष्ट वा गर्भित संमतीनें, सद्भावपूर्वक केलेलें कृत्य कांहीं मर्यादांत अपराध ठरत नसे. मारकुट्या गुरुजींस हा आडोसा पुरेसा होता. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यांतला. तेथें ही संहिता १९५१ सालीं लागू झाली.

१ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें (कलम १७) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ, दोन्ही निषिद्ध केलीं. पालकाच्या होकाराचा तेथें उल्लेखहि नाहीं. मात्र उल्लंघन करणाऱ्यास सेवानियमांप्रमाणें शिस्तभंगाची कारवाई, इतकेंच तें कलम सांगतें. पुढें १ जुलै २०२४ रोजीं जुनी दंडसंहिता गेली, आणि कलम ८९ न्यायसंहितेंत कलम २७ होऊन जवळजवळ जसेंच्या तसें उतरलें! आमच्या मतें वादाची खरी गांठ हीच. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें (कलम ८२) अशा शिक्षेबद्दल पहिल्या खेपेस दहा हजार रुपये दंड सांगितला आहे खरा, परंतु तो बालसंगोपन संस्थांपुरता; बजाजनगरच्या साध्या शाळेस तें कलम लागत नाहीं.