कापूस घरात आला की घर गप्प होतं

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडे वेचणी सुरू होते आणि शेतकऱ्याच्या घरातली माणसं पडवीकडे सरकू लागतात. आतली खोली कापसाची. भाव चढेल या आशेवर तो फेब्रुवारी-मार्चपर्यंतही तिथेच असतो. त्या खोलीत कुणाला हाक मारून पाहा. आवाज समोरच्या ढिगात बुडतो. कापूस विकून खोली रिकामी झाली, की तीच हाक घुमते. (चुकारा मिळाला असेल तर घुमणंही गोड वाटतं!)

आवाज म्हणजे हवेची पुढेमागे होणारी हालचाल. सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने निघालेली ही लहर पक्क्या भिंतीला भिडली, तर भिंत हलत नाही आणि लहर जवळजवळ सगळीच माघारी फिरते. वर्ध्याजवळ गोपुरीच्या गीताई मंदिरात तर चहूकडे ग्रॅनाइटच्या शिळा. पण वर छत नसल्याने आवाजाला आकाशाची वाट मोकळी आहे. कापूस मात्र पक्क्या भिंतीसारखा नाही. ढिगात कापसापेक्षा हवाच जास्त, त्यामुळे लहर बेधडक आत शिरते. मग तंतूंच्या फटींतून हवा घासत राहते आणि लहरीची शक्ती उष्णता होऊन मुरते. ही उष्णता इतकी थोडी की हाताला कळणारही नाही.

मग भिंतीला गादी टेकवली तरी लग्नघरचा ढोल का थांबत नाही? भिंतीलगत हवा फारशी हलत नाही. ती सर्वांत जोरात हलते लहरीच्या लांबीच्या पाव अंतरावर. 5000 हर्ट्झची चिरकी लहर जेमतेम 7 सेंटीमीटरची, तिला गादी पुरते. 100 हर्ट्झचा खर्ज मात्र साडेतीन मीटरच्या आसपास लांब. तो मुरवायला 85 सेंटीमीटरचा थर लागेल. शेतकऱ्याच्या खोलीत तो असतो, आपल्या गादीत नसतो.

प्रकाशाचा हिशेब आणखी गमतीचा. कापसाचा एकटा तंतू पांढरा नसतोच, तो काचेसारखा पारदर्शक असतो. हवेतून तंतूत शिरताना प्रकाशाचा वेग बदलतो आणि त्या सीमेवर शंभरातला चार-पाच भाग उलटतो. एवढासाच. पण बोंडात अशा सीमा असंख्य. प्रत्येकीवर थोडाथोडा उलटत, वळत प्रकाश सगळ्या रंगांसकट बाहेर फेकला जातो, आणि आपण म्हणतो, पांढरं सोनं!

गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये उघडलेलं वर्ध्याचं मगन संग्रहालय आजही खादीसाठी ओळखलं जातं. घरचंच एखादं खादीचं पांढरं कापड भिजवून पाहा: ते काळसर, थोडं आरपार दिसू लागतं. तंतूंमधली हवा जाऊन पाणी आलं. पाणी आणि तंतू यांतल्या वेगाचा फरक कमी, म्हणून सीमेवर उलटणारा भाग शेकडा एकाच्याही खाली येतो. अडवणूक वस्तूत नव्हतीच, दोन वस्तूंच्या सांध्यात होती. तेल तर तंतूच्या आणखी जवळचं, आणि कागदही तंतूंचाच. म्हणूनच वर्ध्याच्या टपरीवर आलूबोंडा बांधून घेतलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा डाग पडला, की त्यातून मागच्या पानावरची बातमी उलटी दिसू लागते.