वहीत नसलेल्या आम्ही दोघी

‘वहिनी, अगदी घरच्यासारखं वाटलं हो!’ गाडीत बॅगा ठेवता ठेवता पाहुणे म्हणतात आणि दोन दिवसांचा शीण कुठल्या कुठे पळतो. मैत्रिणींनो, आमचं घर दिवेआगरला. नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला लागलो, त्याला अठरा वर्षं झाली. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नाव नोंदवलं. खोल्या यांनी बांधल्या, पण पाहुण्यांचं हवं-नको बघणं आपसूकच सासूबाईंकडे आणि माझ्याकडे आलं.

पहाटे पाचला चूल-गॅस सुरू. सकाळी घावन-चटणी, दुपारी वालाचं बिरडं, सोलकढी. आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. कुणाच्या आजींना बिनतिखटाची भाजी, कुणाच्या बाळाला मऊ भात. रात्री अकरालाही ‘वहिनी, जरा गरम पाणी?’ अशी हाक येते. आणि आवडीनंच करतो हो सगळं!

हिशेबाची वही यांच्याकडे. तांदूळ, गॅस, वीज, चादरी धुण्याचा खर्च वजा केला की राहिला तो नफा. त्या वहीत आम्ही दोघी कुठेच नव्हतो. घरचंच तर काम, त्याचा कसला हिशेब?

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. पोफळीचं रोप लावलं तरी सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं लागतात. त्यात कोरोनामुळे पाहुणेही बंद. पुढे ते परत यायला लागले, तेव्हा सारं घर या दोन खोल्यांवरच उभं राहिलं.

त्याच हंगामात माझी कंबर धरली. खोल्या भरलेल्या, म्हणून गावातल्या दोघीजणींना तीन दिवस मदतीला बोलावलं. यांनी त्यांची मजुरी वहीत लिहिली. शेजारी सुपारी कातरत बसलेल्या सासूबाई सहज म्हणाल्या, ‘‘अरे, या दोघींचे तीन दिवस खर्चात येतात. मग आमचे बारा महिने कशात येतात रे?’’

हे गप्पच झाले. रात्री तिघं मिळून हिशेबाला बसलो. आमची मजुरी धरली, तर जेवणाचं ताट आम्ही चक्क तोट्यात वाढत होतो! ताटाचा दर वाढवला, मोदकांचा वेगळा लावला. रात्री दहानंतर स्वयंपाकघर बंद. आणि गौरी-गणपतीत खोल्या द्यायच्या नाहीत, कारण तेव्हा घर आमचं!

‘वहिनी’ म्हणणाऱ्याला वाढीव दर सांगताना जीभ अडखळली, खोटं कशाला बोलू? एक जुनं कुटुंब नाराज होऊन गेलं, ते पुन्हा आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे. बाकीचे मात्र येतात, मोदक आधी सांगून ठेवतात.

आता दर महिन्याला दोघींच्या नावे बँकेत पैसे जमा होतात. पासबुकावरची पहिली रक्कम सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली. बहात्तराव्या वर्षीची त्यांची पहिली कमाई!

तुमच्याकडे खानावळ असो, पापड-लोणच्याचा उद्योग असो, आठवडाभर फक्त आपले तास वहीत मांडून बघा. तेवढ्या कामाला बाहेरची बाई ठेवली तर किती द्यावे लागतील, तेही शेजारी लिहा. माया मोजू नये हे खरं, पण कष्ट मोजायलाच हवेत.