लग्नमांडवासाठी घडीची कागदी फुले

आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात लग्नसराई भरास येते. त्या उन्हात मांडवाला बांधलेली ताजी फुले दुपारपर्यंत माना टाकतात. म्हणून तोरणासाठी व रुखवताच्या मांडणीसाठी शाळेने कागदी फुले करून द्यावीत, अशी विनंती लग्नघरांकडून येते. अशा वेळी कित्येक ठिकाणी गुरुजी स्वतः कागद कापतात आणि मुले केवळ खळ लावतात. फुले सुबक होतात. मुलांच्या हाती मात्र चिकटपणाखेरीज काही राहत नाही.

वस्तुतः या कामात भूमितीचा उत्तम पाठ आहे. फ्रोबेल (1782–1852) याने आपल्या किंडरगार्टन पद्धतीत कागदाच्या घड्यांना स्थान दिले. त्यापासून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी घड्यांतून भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ 1893 साली मद्रास येथे प्रसिद्ध केला.

पतंगी कागदाचा 12 सें.मी. बाजूचा चौरस घेऊन मधोमध दुमडावा. दुमडलेल्या कडेच्या मध्यबिंदूपाशी 180 अंशांचा कोन मिळतो. त्या बिंदूतून पंख्याप्रमाणे उलटसुलट घड्या घालून त्याचे 30 अंशांचे सहा समान भाग करावेत. नंतर मध्यबिंदूपासून एका कडेवर 5.5 सें.मी. व दुसऱ्या कडेवर 3.5 सें.मी. अशा खुणा करून त्या जोडणारी गोलसर कातर द्यावी.

कागद लगेच उलगडू देऊ नये. पाकळ्या किती निघतील, हे प्रथम प्रत्येकास विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत. बारा म्हणणारी मुले बरीच निघतात. उलगडल्यावर पाकळ्या सहाच दिसतात, कारण घडीच्या एका भागात अर्धीच पाकळी असते आणि उरलेली अर्धी शेजारच्या भागात. म्हणजे 180 अंशांचे जितके समान भाग, तितक्या पाकळ्या. हा नियम मुलांनीच शोधावा. आपण घाईने सांगून टाकू नये. जास्वंदीला व सदाफुलीला पाकळ्या पाच. त्यांसाठी 36 अंशांचे पाच भाग हवेत, ते अंदाजाने साधत नाहीत; तेव्हा मुले आपण होऊन कोनमापक मागतात. (हे मुलींचे काम म्हणून मुलांना अंगणात पिटाळण्याची चाल काही शाळांत अजून दिसते. कोनमापक दोघांनाही शिकावयाचा आहे.)

लहान होत जाणारी तीन फुले एकावर एक ठेवून मध्यभागी दोऱ्याने ओवली की भरदार फूल होते. गुलाबासाठी क्रेप कागद घेतल्यास सुरकुत्या पाकळीच्या उंचीच्या दिशेने असाव्यात, म्हणजे ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणून खोलगट करता येते. खळ मैद्याची पुरे. कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची रीत मुलांच्या हाती देऊ नये, ते विष आहे.

शेवटी वळवाविषयी. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावी शिक्षक असताना मी चौथीच्या मुलांकडून लाल फुलांचे तोरण करवून नेमके बोहल्यावर बांधविले. अक्षतांच्या वेळी वळीव आला, कागदाचा रंग सुटला आणि नवरीच्या पिवळ्या शालूवर ओघळ उतरले. कोणी मला बोल लावला नाही, पण मुले दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहीनात. तेव्हापासून प्रत्येक रंगाचा एक तुकडा आदल्या दिवशी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवतो. फडक्यास डाग पडला तर तो रंग रुखवतापुरता ठेवावा आणि बोहल्यावर पांढरी फुले बांधावीत.