ताप उतरल्यानंतरचा थकवा

‘अंगात त्राण नाही’ ही तक्रार कोकणातल्या दवाखान्यांत इतकी नेहमीची आहे, की रक्त कमी असेल असे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या देणे किंवा सलाईन लावणे हाच तिच्यावरचा उपाय मानला जातो. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या व २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता, आणि त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी नव्हे, तर गरिबीशी व मानसिक त्रासाशी आढळला.

क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा विकार या सर्वसाधारण थकव्याहून निराळा आहे. तो अनेकदा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो, आणि थोड्याशा शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतरही प्रकृती, बहुधा दुसऱ्या दिवशी, ढासळून कित्येक दिवस तशीच राहते, हे त्याचे मुख्य लक्षण होय. ते तपासण्यासाठी संशोधक रुग्णाला नाकातोंडावर मुखवटा लावून व्यायामाची सायकल चालवायला देतात, शरीर किती प्राणवायू वापरते ते मोजतात आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा घेतात. निरोगी माणूस पहिल्या दिवसाइतकेच काम करतो, पण अनेक रुग्णांची क्षमता घटलेली दिसते. हा पुरावा पाहता ‘मन घट्ट करा, व्यायाम वाढवा’ हा सल्ला अन्यायाचा ठरतो, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस मागे घेतली, ते योग्यच झाले. एडिंबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा जो अभ्यास झाला, त्यात २०२५ मध्ये विकाराशी निगडित आठ जनुकीय ठिकाणे समोर आली, तरी निदानाची खात्रीशीर रक्तचाचणी अद्याप नाही.

म्हणूनच रुग्णाचे बारकाईने ऐकणे आणि नोंद ठेवणे हेच आज मोठे साधन आहे, आणि त्याचे उदाहरण कोकणातल्या महाड तालुक्यातच आहे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे खाटेजवळ बसून टिपली, ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचवली आणि प्राझोसिन या औषधाने असंख्य प्राण वाचवले. महाडजवळच्या वीर रेल्वे स्थानकाच्या आसपासच्या गावांत चिकुनगुनिया किंवा लेप्टोस्पायरोसिसचा ताप उतरल्यावर भाताच्या लावणीला गेलेली बाई दुसऱ्या दिवशी उठू शकत नसेल, तर तिला आळशी ठरवण्याआधी आरोग्य केंद्राने तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तिची पुन्हा विचारपूस करून ती कागदावर नोंदवावी.